सर्व्हरला काडीने कुंकू

"सर्व्हर म्हणजे काय? गच्चीवरची टाकी! एका जागी साठवायचं आणि पाइपाने घरोघर सोडायचं. सोसायटीची टाकी कोणी बसवली? मी! मग हाही मीच बसवणार!"

पंढरीनाथ सुर्व्यांनी भर हॉलमध्ये हे जाहीर केलं तेव्हा बायको सुचेता भाजी निवडत होती आणि मुलगी क्षितिजा कपाळाला हात लावून बसली होती. (त्या टाकीचं पाणी तिसऱ्या मजल्याच्या खाली आजतागायत उतरलेलं नाही. पण त्याचा दोष म्हणे पाण्याचा!)

साल नव्याण्णव. भाईंदर पश्चिमेत स्टीलची भांडी हवी तेवढी, पण वेबसाइट एकाचीही नाही. हसमुखभाई शेठना आपल्या ताटवाट्या परदेशी गिऱ्हाइकांना दाखवायच्या होत्या, आणि क्षितिजाने दोन वर्षांचा कॉम्प्युटरचा कोर्स फर्स्ट क्लासमध्ये केला होता. ठरलं असं की रविवारी अकराला शेठ घरी येणार. हॉलमधल्या मशीनवर वेब सर्व्हर बसवून, आतल्या खोलीतल्या दुसऱ्या मशीनवर त्यांचं ताट दिसलं पाहिजे. दिसलं, तर शेठचं सगळं काम क्षितिजाचं.

"आणि नाही दिसलं," पंढरीनाथ म्हणाले, "तर सोमवारपासून माझ्या जुन्या ऑफिसात टायपिंगला जायचं. साहेबांशी बोलून ठेवलंय मी."

"चालेल. मग मी सुरू करू?" क्षितिजाने कीबोर्ड ओढला.

"तू बाजूला हो! तू फक्त बघ!"

बत्तीस वर्षं हेडक्लार्की करून स्वेच्छानिवृत्ती घेतलेला माणूस तो. मुलीला कोर्स आला असेल, अनुभव कुठून येणार?

सर्व्हरच्या प्रोग्रामची सीडी केबिन रोडच्या दुकानातून तेच घेऊन आले. दुकानदाराने बजावलं होतं, "चकचकीत बाजूला बोट लावू नका हां काका, ठसे उमटतात." पंढरीनाथांनी ते देववाणीसारखं लक्षात ठेवलं. म्हणजे महत्त्वाची बाजू चकचकीत! बरोबरच आहे. भाईंदरात राहून एवढं कळू नये? ताटाचं लेबल कुठे असतं? बुडाला! म्हणजे सीडीवर नाव छापलंय ते बूड, आणि चकाकतंय ते तोंड.

नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, हा सुर्व्यांचा खाक्या. गुरुवारी सकाळी आंघोळ करून पंढरीनाथांनी सीडी देव्हाऱ्यात ठेवली आणि चकचकीत बाजूवर कुंकवाचं टपोरं स्वस्तिक काढलं. वर चार अक्षता. बोट म्हणून लावलं नाही हो! उदबत्तीच्या काडीने काढलं सगळं!

मग ताट पालथं घालावं तशी सीडी पालथी घातली ड्राइव्हमध्ये. नाव वर आलं. ते पाहून क्षितिजालाही वाटलं, चला, एवढं तरी जमलं.

मशीनने नाव विचारलं. 'मुख्य व्यवस्थापक कोण?' पंढरीनाथांनी एका बोटाने 'पंढरीनाथ सखाराम सुर्वे' इंग्रजीत टाइप केलं. बारा मिनिटं लागली. मग आकडे चढू लागले. दहा टक्के... वीस... आतून खर्र खर्र आवाज.

"ऐक! काम करतंय बघ कसं!"

सदतीस टक्क्यांवर सगळं थांबलं. पडद्यावर इंग्रजीत आलं, की फाइल वाचता येत नाही.

"वाचता येत नाही? अगं, मग दिवा लाव ना!" पंढरीनाथांनी टेबल लॅम्प आणून मशीनच्या तोंडापाशी धरला. तरी वाचेना. मग गोडदेवहून वायरमन दाजीला बोलावणं गेलं. दाजीने टेस्टर लावला, कान लावला.

"लाइन बराबर हाय शेट. पन मशिनीच्या पोटात कायतरी वाजतंय. दाने हायेत का काय?"

"दाणे? गिरणी आहे का ही?" पंढरीनाथांनी त्याला वाटेला लावलं.

"पप्पा, सीडी दाखवा ना एकदा," क्षितिजा म्हणाली.

"हात नको लावूस! ठसे उमटतील!" सीडी दोन्ही हातांच्या ओंजळीत झाकून परत देव्हाऱ्यात गेली.

शुक्रवारी निदान पक्कं झालं: कालची पूजा घाईत झाली! आज कुंकू जास्त, अक्षताही जास्त, वर हळदीची बोटं. म्हणजे काडीचीच! इन्स्टॉलेशन बावीस टक्क्यांवर बसलं.

"गरम होतंय त्याला," म्हणत पंढरीनाथांनी स्वयंपाकघरातला पंखा काढून मशीनला लावला. सुचेता घामाने निथळत पोळ्या लाटत होती.

"अहो, मशीनला वारा आणि मला?"

"तू सर्व्हर आहेस का?"

"चोवीस वर्षं दुसरं काय आहे मी?" सुचेताने लाटणं आपटलं. पंढरीनाथांनी ऐकलं नाही. म्हणजे कान होते, पण पंख्याचा आवाज फार होता.

शनिवारी पंचामृताचा शिंतोडा! चार टक्के!

"पप्पा, रोज आकडा कमी होतोय. सीडीलाच काहीतरी झालंय. मला बघू द्या, प्लीज!" क्षितिजाचा आवाज आता रडवेला झाला होता. उद्या रविवार.

"सीडीला काय होणार? देवापाशी असते ती! तुझ्या कोर्सातच खोट आहे. उगाच फी भरली." आणि पंढरीनाथांनी तिच्यादेखत साहेबांना फोन लावला. "हो साहेब, सोमवारी नक्की पाठवतो. नाही, कॉम्प्युटरचं काही जमलं नाही तिला."

जमलं नाही तिला! तीन दिवसांत पोरीला एक बटण दाबू दिलं नव्हतं या गृहस्थाने! क्षितिजा ताडकन उठली. आत जाऊन तिने दार लावून घेतलं.

रविवारी हसमुखभाई अकराच्या ऐवजी दहालाच आले. पंढरीनाथ घाईघाईने सीडी घालायला गेले तर ड्राइव्हच्या फटीतून एक मुंगी बाहेर आली. मग दुसरी. मग रांग.

"क्या हुआ काका? दिखाओ तो," शेठनी हात पुढे केला. आता पाहुण्याला 'ठसे उमटतील' कसं म्हणणार? शेठनी सीडी उलटी केली. चकचकीत बाजूवर तीन दिवसांचं कुंकू, हळद, वाळलेलं दही आणि त्यात रुतलेले सात तांदूळ.

"अरे बापरे! काका, ये सीडी छे के पूजा की थाळी?"

क्षितिजाने बघितलं. पंढरीनाथांकडेही बघितलं. वाटलं आता ओरडणार. पण तिने सीडी घेतली, मोरीत जाऊन साबणाच्या पाण्याने धुतली आणि पप्पांच्या खिशातला इस्त्रीचा रुमाल न विचारता काढून पुसली. गोल गोल नाही, मधून कडेला, सरळ. मग मऊ ब्रशने ड्राइव्हमधले तांदूळ झाडले.

शेठ टक लावून बघत होते. सर्व्हरमधलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण पॉलिश कळत होतं. "वाह! छोकरी का हाथ देखो! एक स्क्रॅच नहीं!"

पंढरीनाथ खुर्चीकडे वळले. खुर्चीत क्षितिजा बसलेली होती.

"पप्पा, तुम्ही बाजूला व्हा. तुम्ही फक्त बघा."

मशीनने मुख्य व्यवस्थापकाचं नाव विचारलं. तिने दहाही बोटांनी आपलं टाइप केलं. सदतीस टक्के गेले, सत्तर गेले, शंभर झाले! पाऊण तासाने आतल्या खोलीतून सुचेता ओरडली, "आलं गं! ताट आलं! वाट्यांसकट!"

"काम तेरा, बेटा!" शेठ म्हणाले. सुचेताने पंखा उचलून स्वयंपाकघरात नेला.

राहता राहिला साहेबांना फोन. पंढरीनाथांनी चांगला तासभर टाळला, मग क्षितिजानेच नंबर फिरवून रिसीव्हर त्यांच्या हातात दिला.

"साहेब, मुलगी येणार नाही हो. तिला मोठं काम मिळालं."

"अरेरे! मी तर जागा अडवून ठेवलीय, सुर्वे. उद्या टायपिस्ट हवाच. बरं, तुम्ही रिकामेच असता ना घरी? तुम्हीच या की. कॉम्प्युटरवर टायपिंग आहे पण. जमेल?"

पंढरीनाथांनी इकडेतिकडे बघितलं. मुलगी खुर्चीत होती, बायको पंख्यापुढे होती, त्यांना बसायला जागा नव्हती. त्यांनी छाती पुढे काढली.

"जमेल म्हणजे काय साहेब! आजच घरी सर्व्हर बसवलाय मी!"