बुचाची रेसगाडी

आमचे शेजारी दत्ताभावजी मासळी आणायला निघाले की डोळ्यांवर रेसवाल्यांचा मोठा चष्मा चढवतात आणि कान झाकणारी चामड्याची टोपी घालतात. जातात मात्र चालत. त्यांच्या रेसच्या गाडीला रस्त्यावर यायची परवानगी नाही ना. "मग टोपी कशाला, भावजी?" मी विचारलं. "सवय राहायला हवी, वहिनी." बांगडेवाली आता "काय पायलट, काय देऊ?" असंच विचारते.

भावजींची सगळी नोकरी मिरजोळ्याच्या एका कारखान्यात फायबरच्या होड्या बनवण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं आंब्याच्या कलमांकडे बघतात, ह्यांनी गाडीचा साचा केला. परदेशातली जुनी शर्यतीची गाडी, लाल, लांब नाकाची. ह्यांनी फक्त फोटोत पाहिलेली. इंजिन भंगारातल्या जीपचं. कुणी "नक्कल छान झाली" म्हटलं की ह्यांचा चेहरा पडतो. "अस्सल गाडी काचेमागे बसलेली असते, वहिनी. हात लावू देत नाहीत. माझीत कुणीही बसा, चालू करा, आवाज ऐका. मग सांगा मला, गाडी कुठली?"

पण सगळं फोटोबरहुकूम हवं. मी म्हटलं, हॉर्न बसवा. "मुळात होता का?" बरं, छत तरी घाला. "मुळात होतं का?" मी हौसेने उशी शिवून दिली, ती त्याच प्रश्नासकट परत आली.

हात मात्र होडीवाल्याचा. सवयीने त्यांनी गाडीच्याही तळाला होडीसारखं भोक पाडून पाणी सोडायचं बूच बसवून टाकलं. हसून हसून माझं पोट दुखलं. पुढे पावसात ती बिनछताची गाडी काठोकाठ भरली, तेव्हा भावजींनी शांतपणे बूच उपटलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

संध्याकाळी ते घरामागच्या सड्यावर गाडी फिरवतात. नुसता कातळ, अडवायला कुणी नाही. आवाज विमानाचा आणि वेग असा, की घरी परतणाऱ्या म्हशी पुढे निघून जातात. एवढी हळू का, विचारलं की "इंजिन अजून रुळतंय, वहिनी," हे उत्तर ठरलेलं.

त्यांची बायको सुमन माझी मैत्रीण. गाडीला चाकंही नव्हती तेव्हा भावजींनी स्वतःशेजारी तिच्यासाठी एक सीट बसवली होती. ती त्यात बसून कोलंबी सोलायची. "घरातून हाक मारली तर ह्यांना ऐकू येत नाही, म्हणून इथेच येऊन बसते," म्हणायची. एसटीत बसली की घाटात तिला मळमळायचं, त्यामुळे बिचारी कुठे फारशी गेली नाही. "ही चालू झाली की मला सड्यावर न्यायचं हां," असं बजावून ठेवलं होतं. इंजिन लागायच्या आधीच ती गेली.

परवा मुंबईहून जुन्या गाड्यांचा एक जाणकार आला. अशा माणसाने एकदा "बरोबर जमलीय" म्हणावं, एवढीच भावजींची इच्छा. सकाळपासून गाडी पुसून पुसून रंग जायची वेळ आली होती. पाहुण्याने नाकावर टिचकी मारली, इंजिन ऐकलं, बूच बघून हसलाही.

"बरोबर जमलीय," तो म्हणाला. "आमच्या प्रदर्शनात अस्सल गाडीच्या शेजारी उभी करू. फक्त ही दुसरी सीट काढा. मुळात एकच आहे."

मी मनात म्हटलं, आता सापडले भावजी, स्वतःच्याच वाक्यात.

भावजींनी टोपी काढली. "ह्या गाडीत मुळात आहे ती," म्हणाले. "इंजिनाच्याही आधीची."

"अहो, चार स्क्रूंचं तर काम."

"चहा घेऊन जा हां."

चहा पिऊन तो गेला, गाडी राहिली. संध्याकाळी मी सड्यावर गेले, तर नेहमीसारखी फटफटत येत होती. मी हात करून थांबवली. म्हटलं, "अहो, आता एवढा मोठा माणूस बरोबर म्हणून गेला. एकदा तरी पळवा."

भावजींनी चष्मा कपाळावर घेतला, शेजारच्या सीटवरची धूळ हाताने झटकली.

"नको, वहिनी. तिला मळमळतं."

मागून म्हशी येत होत्या. मी बाजूला झाले आणि त्यांना पुढे जाऊ दिलं.