मुस्तामल भांडी

मामा निपुत्रिक वारले, तेव्हा पुंजाजीच्या वाट्याला सोळा एकर काळी जमीन, एक बारमाही विहीर, आंब्याची तीन झाडं आणि चार खणांचं घर यायचं होतं. वजावट एकच होती: हे सगळं पैनगंगेच्या पलीकडे, मोगलाईत होतं. म्हणजे पन्नाशीला एक वर्ष कमी असताना इंग्रजाचं राज्य सोडून निजामाच्या राज्यात बिऱ्हाड न्यायचं. पुंजाजीनं शिरपुरात आपल्या ओसरीवर बसून हिशेब केला. दोन्ही पोरी नांदायला गेल्या होत्या. पोरगा जगदेव अकोल्याच्या कापसाच्या जिनात लागला आणि पहिल्या पगारातच बायकोला घेऊन गेला. घरात उरले नवराबायको आणि भिंतीपलीकडे भावकी. भावकीच्या शेजारापेक्षा मोगलाई बरी. निजामसरकार काही रोज सकाळी विस्तव मागायला दारात येत नाही.

या हिशेबात बायकोला, गोजराबाईला, काय मिळणार, हे मांडायचं राहून गेलं होतं. ते तिनं स्वतःच मांडलं. एकोणतीस वर्षं ती सासूच्या भांड्यांत रांधत आली होती. कोणत्या गंजाला पोचा कोणत्या वर्षी पडला आणि त्याबद्दल सासू काय बोलली, हे तिला पाठ होतं. निघायच्या दिवशी ती सारी भांडी तिनं जावेच्या पुढ्यात नेऊन ठेवली, आणि वाटेत वाशीमला गाडी थांबवून, कापूस वेचून गाठीला बांधलेल्या पैशांतून, कासाराकडून नवा संसार घेतला: रांधायचा मोठा गंज, कढई, झारा, पीठ मळायची कोपर, शेवेचा सोऱ्या, पाण्याची घागर, पळीसारखी चार चिल्लर भांडी, आणि बारा ताटं.

"बारा कायले वो?" पुंजाजी म्हणाला. "आपन दोघं."

"दोघं हावो म्हनूनच. उद्या घरी कोनी आलं तं ताट मागाले कोनाच्या दारी जाऊ? तिथी कोन हाय आपलं?"

कासारानं भांडी तणसात गुंडाळून दिली. गोजराबाई उरलेली सगळी वाट त्यांच्याजवळ बसून आली. पहिली चूल नव्या घरात पेटवायची आणि नव्या गंजात पहिलं रांधायचं, यापलीकडे तिला मोगलाईकडून काहीही नको होतं.

चौतीस सालचा चैत्र होता. पैनगंगेला घोट्याएवढं पाणी. उस्मान गाडीवानानं बैल उतारात घातले, पलीकडच्या थडीवर गाडी चढवली, आणि आडव्या बांबूपाशी ती थांबली. हा मोगलाईचा नाका. टिनाच्या छपराखाली मदनसिंग नाकेदार बसला होता. नाक्यावर द्यावं लागतं म्हणून पुंजाजीनं कनवटीला एक वेगळा रुपया ठेवला होता. तो त्यानं हळूच पुढे केला. मदनसिंगानं त्या रुपयाकडे असं पाहिलं, की पुंजाजीला तो खाली टाकून, सापडल्यासारखं करून, परत उचलून घ्यावा लागला. नाकेदार खाणारा नव्हता. इथूनच सगळं बिघडलं.

"असबाब काय काय आहे?"

"घरचंच हाय साहेब. बिऱ्हाड हालवून राह्यलो."

मदनसिंगानं काठीनं तणीस बाजूला केलं. आत पितळ लखलखलं.

"ये तो नवा माल आहे."

"नवा म्हंजे... घरचाच."

"घरचा असेल. पण कायदा साफ आहे. घरगुती मुस्तामल असबाब माफ. नव्या मालावर महसूल. चार रुपये आठ आणे."

पुंजाजीनं उस्मानकडे पाहिलं. "मुस्तामल म्हंजे काय रे भाऊ?"

"वापरेल, जुनं," उस्मान म्हणाला.

"बापा! अन् ह्यायच्यात अजून पानीबी नाई घातलं, त्याचे साडेचार रुपये?"

"पाणी नाही घातलं, म्हणूनच," मदनसिंग शांतपणे म्हणाला.

उस्मानला पुढच्या गावी पोचायची घाई होती, आणि घाईतल्या माणसाला फार लवकर सुचतं. तो म्हणाला, "मंग वापरून टाका ना, पुंजाजीभाऊ! रांधा, खा, झाले मुस्तामल."

पुंजाजीचा चेहरा उजळला. "साहेब, वापरले तं माफ?"

"माफ. पण हद्दीच्या आत वापराल, तर नवा माल हद्दीत आला असा अर्थ होतो. वापर तिकडे करा." मदनसिंगानं नदीपलीकडे बोट दाखवलं.

गाडी उलटी फिरली आणि परत इंग्रजाच्या राज्यात आली.

"काय म्हनून राह्यले तुमी?" गोजराबाई गाडीतून उतरेचना. "माह्या गंजात पयलं रांधन ह्या रेतीत? पयली चूल मी माह्या घरी पेटवन."

"साडेचार रुपये, जगदेवच्या माय!"

"एकोनतीस वर्सं सासूच्या भांड्यात गेले माहे. एक डाव तरी माह्या मनासारखं होऊ द्या."

"भांडं तं तेच राह्यते ना! घरी पेटव का इथी पेटव."

गोजराबाई गप्प झाली. पुंजाजीनं ते गप्प बसणं होकाराच्या बाजूला जमा केलं. बायकोचं गप्प बसणं कोणत्या बाजूला मांडायचं, हे त्याला एकोणतीस वर्षांत उमगलं नव्हतं.

तीन दगडांची चूल झाली. गंजात खिचडी शिजली, बूड काळं झालं. पुंजाजी तो गरम गंज फडक्यात धरून, धावत नदी ओलांडून नाक्यावर घेऊन गेला.

"बरोबर," मदनसिंग म्हणाला. "हा मुस्तामल. बाकीचे?"

"बाकीचेबी त्याच्याच संगतीतले."

"संगतीनं मुस्तामल होत नाही. एकेक दाखवा. कढईत काय करतात?"

"तळते."

"तर तळा. या साच्यातून?"

"शेव पाडते."

"पाडा."

"अन् ताटं?" पुंजाजीनं गंज खाली ठेवला. "ताटाइले पानी लावून आनू का?"

"ताट धुवायला असतं का पाटील? ताट जेवायला असतं. एका ताटाला एक माणूस."

म्हणजे बारा माणसं. गाडीत दोन महिन्यांचं धान्य होतं, पीठ होतं, तेलाचा डबा होता, गुळाची ढेप होती. नव्या गावात पेरणीपर्यंत दुकानाचं तोंड पाहायचं नाही, असा पुंजाजीचा बेत होता. डबा फुटला. कोपरीत कणीक मळली गेली, कढईत पुऱ्या आणि भजी पडली, सोऱ्यातून शेव निघाली, आणि चिल्लर भांड्यांची सोय म्हणून गुळाचा शिराही झाला. गोजराबाई रांधत होती. तिच्या हातातला झारा मात्र जास्तच वाजत होता.

उतारावर थांबलेले आठ गाडीवान सापडले. उस्मान नववा. अजून तीन हवे होते. तोवर भज्यांचा वास काही महसूल न भरता नदी ओलांडून नाक्यावर गेला होता. थोड्या वेळानं मदनसिंग दोन शिपायांना घेऊन पाण्यातून येताना दिसला. कमरेचा पट्टा त्यानं खुंटीला ठेवला होता.

"नाकेदार म्हणून नाही आलो," त्यानं बजावलं. "नाकेदाराला हद्द सोडता येत नाही. मी मदनसिंग म्हणून आलो."

पंगत बसली. वाटेनं चाललेल्या एका माणसानं उस्मानला विचारलं, "कायचं जेवन हाय हो हे?" उस्मानच्या तोंडात भजं होतं. मामाच्या जमिनीवर राहायला चाललेत, त्या भानगडीचं जेवण आहे, असं त्याला सांगायचं होतं. भज्याच्या बाजूनं जेवढं बाहेर आलं तेवढं आलं: "मामाचं."

तो माणूस पुढे मामाच्याच गावावरून गेला आणि नदीवर मामाचं जेवण चाललंय, असं सांगत गेला. गाव कोसभरच लांब होतं. मामाची तेरवी, तेराव्याचं जेवण, अजून झालेली नव्हती. भाचा राहायला आला की गावजेवण घालील, म्हणून गाव तीन महिने वाट पाहत होतं. तासाभरात पलीकडच्या थडीवर दोन बैलगाड्या धूळ उडवत आल्या. पुढच्या गाडीतून पोलीस पाटील जानराव उतरले. सतरा बाप्ये, अकरा बाया.

"पुंजाजी!" जानराव पाण्यातूनच ओरडले. "आमी गावात तुमची वाट पाहून राह्यलो, अन् तुमी मामाची तेरवी नदीत उरकून राह्यले?"

"तेरवी नोहे जी हे."

"मंग? शिरा हाय, शेव हाय, पंगत बसेल हाय. सांगा मंग, कायचं जेवन हाय?"

पुंजाजीनं तोंड उघडलं. साडेचार रुपये वाचवायचं जेवण आहे, हे ज्या गावात उरलेलं आयुष्य काढायचं त्या गावाच्या पोलीस पाटलाला सांगायचं कसं?

"तेरवीच हाय," तो म्हणाला. "बसा."

ताटं धुवून पुन्हा मांडली गेली, आणि पुन्हा. पिठाची गोणी लोंबायला लागली, तेलाचा डबा वाजायला लागला. पुंजाजी यजमान म्हणून वाढत होता, हात जोडत होता आणि प्रत्येक पुरीबरोबर एकेक दिवस उणा करत होता. मामा किती चांगले होते, हे लोकांनी शिरा दुसऱ्यांदा घेताना सांगितलं. शेवटची पंगत बायांची. त्यांनी गोजराबाईच्या हातातला झारा काढून घेतला.

"बसा वो बाई आमच्यात. दिवसभर्‍याच्या उभ्या हा तुमी."

"ह्यायचं जेवन व्हायचं हाय," गोजराबाईनं नवऱ्याकडे मान केली.

"बाप्यांचं काय, ते जेवते मागून."

गोजराबाई बसली. ती उठली तेव्हा पुंजाजीनं गंजात पळी घातली. पळी बुडाला लागून वाजली. कढईतही तसाच आवाज आला.

"तुमी जेवले नाई?" गोजराबाईनं विचारलं.

"जेवीन ना मंग."

"कायचं मंग आता! घरी गेल्यावर रांधीन."

पुंजाजी महसूलमाफीचा दाखला मागायला गेला, तेव्हा मदनसिंग नाक्याच्या बाजेवर आडवा झाला होता. "क्या शिरा होता, पाटील! दाखला सकाळी. भरल्या पोटी मी सरकारी कागदावर सही करत नाही."

पुंजाजी परतून गाडीच्या सावलीत टेकला. पाण्याच्या कडेला अकरा बाया आणि गोजराबाई गोल करून बसल्या होत्या. कोणाची सून कशी, कोणाच्या विहिरीचं पाणी गोड, हे चाललं होतं. गोजराबाई मोठ्यानं हसली. घर रिकामं झाल्यापासून तिचं असं हसणं त्यानं ऐकलं नव्हतं. त्याला बरं वाटलं. उपाशी माणसाला एवढं समाधानही पुरतं. त्या समाधानात त्याचा डोळा लागला, आणि त्या बायांची तोंडं चालू असताना हात काय करत होते, हे पाहायचं राहून गेलं.

सकाळी गाडी पुन्हा बांबूपाशी उभी राहिली. मदनसिंगानं पट्टा कसला, पगडी चढवली, काठीनं तणीस बाजूला केलं. आणि डोळ्यांवर हात धरला.

चिंच, राख आणि बारीक रेती यांनी बारा बायांनी घासलेलं पितळ चैत्रातल्या उन्हात पेटल्यासारखं दिसत होतं. कढईच्या बुडाशी काजळीचा ठिपका नव्हता. गंजात मदनसिंगाला स्वतःच्या मिशा दिसल्या.

"ये तो नवा माल आहे," तो म्हणाला.

"साहेब!" पुंजाजी जवळजवळ रडला. "काल तुमीच तं जेवले ह्याच्यात!"

"जेवला तो मदनसिंग. नाकेदार काल दिवसभर इथंच खुंटीवर होता." त्यानं पट्ट्यावर थाप मारली. "दिसतं ते लिहायचं, असा कायदा आहे. चार रुपये आठ आणे."

पुंजाजी बायकोकडे वळला. "इतके घासाचं काय काम होतं वो?"

"मंग काय खरकटे नेऊ? नव्या गावात, पयल्याच दिवशी? अकरा जनी पाहून राह्यल्या होत्या. काय म्हनल्या असत्या मले?"

पुंजाजीनं पैसे मोजले. गोजराबाईनं तणीस पुन्हा भांड्यांवर नीट सारखं केलं, लेकराला पांघरूण घालावं तसं. तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण ते पुराव्याला पुरेसं नव्हतं.

दुपार व्हायच्या आत ते मामाच्या घरी पोचले. पुंजाजीनं पोटावर हात ठेवून ओट्यावर बैठक मारली.

"दोन भाकरी टाक वो लवकर."

"आज नाई," आतून आवाज आला. "आज अवस हाय. नव्या घरातली पयली चूल अवसेले नाई पेटवत कोनी. उद्या सकाऊन."

"काल तं पेटवली होती!"

"ते तुमची चूल होती. हे माही."

ज्यानं आदल्या दिवशी शिरापुरी वाढली, त्याला 'जेवले का' असं विचारायचं गावात कोणाच्या ध्यानात आलं नाही. दोघं-तिघं येऊन गेले ते वेगळं विचारायला. काल जे आले त्यांची तेरवी झाली, पण मागे राहिलेल्यांची कधी?

पुंजाजीनं वही काढली. धान्य, पीठ, तेल, गूळ, एका दिवसाचं जादा गाडीभाडं, आणि महसूल. बेरीज एकवीस रुपयांवर गेली. त्यानं बराच विचार करून ती सगळी 'कैलासवासी मामांची तेरवी' या नावाखाली टाकली. मामांनी हरकत घेतली नाही. आत गोजराबाई फळीवर बारा ताटं एकावर एक रचत होती, पुन्हा काढत होती, पुन्हा रचत होती.

मग त्यानं माणसांची मोजदाद केली. जेवलेले एकेचाळीस, उपाशी एक. वहीच्या पानावर जागा होती, पण भूक काही मामांच्या नावे टाकता येईना. ती त्याची त्यालाच भरावी लागली.