बोलण्याआधीचं बिल

सासऱ्यांनी मोबाइल ताटाशेजारी आपटला तेव्हा सूनबाईचा घास हातातच राहिला.

"सूनबाई, तुझ्या कंपनीला सांग, माझ्या तोंडाला कुलूप घालणारा अजून जन्माला यायचाय!"

मेसेज असा होता : 'प्रिय ग्राहक, या महिन्यात आपण धाकट्या भावाशी एकदाही बोलणार नाही. त्यानुसार आपले आगाऊ बिल तयार आहे.'

सूनबाईला दरदरून घाम फुटला. फोन कंपनीत बिलाचं सॉफ्टवेअर करणं हे तिचं काम. बोलून झाल्यावर बिल पाठवणं म्हणे आता जुनं झालं. पुढच्या काळात माणूस कोणाशी किती बोलेल हे आधीच ओळखून बिल हातात ठेवायचं. ही अक्कल वरच्या मजल्यावरची. गिऱ्हाईक म्हणजे घाण्याचा बैल, काल फिरला तसाच उद्या फिरणार, अशी तिथल्या शहाण्यांची खात्री. चाचणीला परक्यांचे नंबर वापरायला बंदी, म्हणून या धंद्यात सगळे करतात तेच तिनं केलं. घरच्यांचे नंबर घातले, नात्यांसकट. घरच्यांनीही संमतीपत्रांवर न वाचता सह्या ठोकल्या. फक्त मेसेज बाहेर जाण्याची सोय बंद करायची तेवढी राहून गेली.

अंदाज जुळले तर नोकरी कायम, नाही तर कंत्राट संपलं, असं साहेबांनी स्वच्छ सांगितलं होतं.

"बाबा, अहो, शिडीवरून भांडण झाल्यापासून तुम्ही काकांशी बोलतच नाही ना?"

"नाही बोलत ते माझ्या मर्जीनं! कंपनी कोण लागून गेली?" आणि त्यांनी तिच्यादेखत फोन लावला. "हॅलो, मी बोलतोय. काम काही नाही. कंपनीच्या नाकावर टिच्चून बोलतोय, एवढंच."

"मलाही आलाय तो मेसेज," पलीकडून काका कडाडले. "मी लावणारच होतो, तेवढ्यात तू लावलास. जन्मभर तुझीच घाई!"

मग शिडीवरून पुन्हा यथासांग भांडण झालं. भांडता भांडता सासरे हसायला लागले. हसता हसता त्यांचे डोळे भरले. भाजी गार झाली, तरी फोन चालूच.

आत्याबाईंना आलेला मेसेज वेगळा : 'मुलीशी आपले बोलणे नेहमीप्रमाणे लगेच आटपेल.' त्या इरेला पेटल्या आणि बॅटरीनं मान टाकेपर्यंत बोलल्या. लेक म्हणाली, "आई, तू इतकं बोलतेस हे मला ठाऊकच नव्हतं गं!"

खरं संकट पुढेच होतं. ऑफिसात सूनबाईचा फोन वाजला.

"सूनबाई, काका बोलतोय. तुझे उपकार कसे फेडू गं? भाऊ परत मिळाला मला."

"काका, आधी फोन ठेवा!"

"का गं? चुकलं काही?"

"तुम्ही मला फोन कराल असा अंदाज नव्हता हो! आणखी एक चूक वाढली!"

त्यानंतर आत्याबाईंचा आला. मग आत्याबाईंच्या लेकीचा. शेवटी तिनं हात टेकले आणि सगळ्यांना लिहून पाठवलं, 'कृपा करून माझे आभार मानू नका.' ते का, हे विचारायला सगळ्यांनी फोन केले.

महिनाअखेर साहेबांसमोर संगणकावर निकाल उघडला, तो चुकलेल्या अंदाजांनी लालभडक.

"एकही बरोबर नाही? ही माणसं आहेत की कोण?"

"माणसंच आहेत साहेब. तीच तर अडचण झाली." तिनं खाली पाहिलं. "एक ओळ हिरवी आहे. तंतोतंत जुळलीय."

"कोणाची?"

"तुमची. तुम्हीच हौसेनं नंबर दिला होता. ऑफिसखेरीज कोणाशी बोलणार नाहीत, असा अंदाज होता. मेसेज तुम्हालाही आला असेल."

"आला होता," साहेब म्हणाले. "म्हटलं, बरोबरच लिहिलंय."

मग साहेब उठले, खिडकीशी गेले आणि त्यांनी नंबर फिरवला.

"ताई, मी बोलतोय... नाही गं, कोणी गेलं-बिलं नाही. सहज केला... हो, खरंच सहज."

बराच वेळ ते पाठमोरे बोलत राहिले. परतले तेव्हा चष्मा पुसत होते.

"आता बघ."

"आता हाही चुकला, साहेब."

"छान!" त्यांनी खाकरून घसा साफ केला. "सॉफ्टवेअर फारच कच्चं आहे. ते पुरं होईतो तू म्हातारी होशील. कंत्राटावर किती दिवस काढणार? कायम करतो तुला. आणि ऐक, ते इतक्यात बरोबर यायला लागलं तर माझ्याशी गाठ आहे."

"साहेब, तुमचे आभार कसे मानू..."

"इथे नको." साहेबांनी दाराकडे बोट दाखवलं. "बाहेर जा आणि फोनवर मान. तुझ्या मोबाइलवरून हं, ऑफिसचा फोन मोजणीत धरत नाहीत. आणि जरा सविस्तर मान."