एका अक्षराला एकच अर्थ

विशे सरांसमोर सर्वनाम वापरायची सोय नव्हती. आटगाव स्टेशनात कुणी धापा टाकत विचारलं, "सर, ती गेली का?" की सर शांतपणे म्हणायचे, "ती म्हणजे कोण? आधी व्याख्या कर." व्याख्या होईपर्यंत लोकल निघून जायची.

आमच्या शहापूरच्या कॉलेजात ते गणित शिकवायचे, मी भौतिकशास्त्र. मातीच्या बांधातून पाणी कसं झिरपतं, यावर आम्ही दोघांनी शोधनिबंध लिहायला घेतला. पहिल्याच मसुद्यात मी पाण्याच्या उंचीला 'एच' म्हटलं आणि पुढे मातीच्या थराच्या उंचीलाही 'एच'च. सरांनी चष्मा काढला. कुणी गेल्याची बातमी ऐकल्यासारखा चेहरा.

"हे काय हाय?"

"सर, संदर्भावरून कळतं की."

"वाचणारा काय भगत हाय, तांदूळ टाकून तुझ्या मनातलं ओळखायला? एका अक्षराला एकच अर्थ. आणि तो पहिल्यांदा येईल तिथंच सांगायचा."

एका अक्षराच्या डोक्यावर टोपीसारखी खूण होती. ती कशाची, हेही त्यांनी माझ्याकडून लिहून घेतलं.

निबंध संपत आला आणि सरांच्या बायकोला, म्हणजे काकूंना, अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली, वाचा गेली. एकच शब्द उरला : "नको." सरांनी लांब रजा टाकली. मूलबाळ नव्हतं, घरात दोघंच. फोनही उचलेनात.

शेवटी दुरुस्त मसुदा घेऊन मी भीतभीतच भातसानगरला त्यांच्या घरी गेलो. सर काकूंना पेज भरवत होते.

"नको," काकू म्हणाल्या. सरांनी पेजेत चिमूटभर मीठ टाकलं.

"नको." सरांनी उठून पंखा बंद केला.

"नको." या वेळी सरांना कळेना. उशी सरकवली, पाणी पुढे केलं, खिडकी उघडली. काकू रडकुंडीला आल्या. सर खाली बसले, त्यांचा हात हातात घेतला.

"माझंच चुकतंय. परत सांग गो."

काकूंनी परत सांगितलं. सरांनी त्यांच्या डोळ्यांवर आलेली बट हलकेच मागे सारली. काकू शांत झाल्या.

मग सरांनीच मसुदा मागून घेतला. उभ्या उभ्या वाचला. "पाठव आता," एवढंच म्हणाले.

मी दारात चपला घालत होतो. आतून काकूंचा आवाज आला, "नको."

"अरे, बस," सर म्हणाले. "चहा घेऊन जा म्हणते."