साळव्यांची पाटी

आमच्याकडे आलेला माणूस आधी खुर्ची शोधतो. साळवे प्लग शोधतात. इतरांच्या खिशाला पेन असतं, त्यांच्या खिशाला टेस्टर. तो प्लगमध्ये घालायचा, दिवा लागला की मान डोलवायची आणि मगच बसायचं. "लाइन आहे, ताई," असं म्हटल्याशिवाय त्यांना चहासुद्धा जात नाही.

मुलांनो, तुम्ही सुट्टी संपवून परत गेल्यावर ते आमच्या वरच्या मजल्यावर राहायला आले. अंबरनाथच्या एका कारखान्यात उभा जन्म वायरमन होते. बायको वारली, मुलगा नोकरीसाठी नाशिकला. बेलवलीतल्या या इमारतीत ते एकटेच असतात.

गेल्या महिन्यात त्यांच्या मोबाइलने अपडेट घेतलं आणि त्या दिवसापासून चार्जिंग ऐंशी टक्क्यांवर थांबू लागलं. मी आयुष्यभर ऐंशी टक्क्यांवर पेढे वाटले आहेत. साळवे म्हणाले, "वीस टक्के जातात कुठं? फॉल्ट आहे."

उल्हासनगरच्या एका दुकानदाराने मोबाइल हातातही न घेता सांगितलं, "बॅटरी गई, अंकल." साळव्यांना बॅटरीपेक्षा पद्धतीचा राग आला.

"फॉल्ट बाहेरून आत शोधायचा असतो, ताई. आधी लाइन, मग प्लग, मग वायर, शेवटी मशीन. हा डायरेक्ट मशीनवर!"

त्यांच्या घरची लाइन संशयित ठरली, म्हणून तपास खाली उतरला. मोबाइल आणि चार्जर घेऊन सकाळी दहाला माझ्याकडे, अकराला समोरच्या खुबचंदानी भाभींकडे, संध्याकाळी तळमजल्यावर भोईरांकडे. तपासाखालच्या प्रत्येक प्लगवर त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर लाल अक्षरांत लिहिलेली पाटी दोऱ्याने बांधली: 'काम चालू आहे. हात लावू नये. – साळवे.' कारखान्याचा नियम असा, की ज्याने पाटी लावली त्यानेच ती काढायची. दुसऱ्याने बटण दाबलं तर एखाद्याचा जीव जायचा. आमच्या ओट्याजवळच्या प्लगवर कोणाचाही जीव अवलंबून नव्हता. तरी मिक्सर बाहेर गेला आणि चटणी हॉलमध्ये वाटली जाऊ लागली.

"साळवे साहब, मोबाइल है कि पॉवर हाऊस?" भाभींनी एकदा विचारलं.

"भाभी, आज चाय में अदरक कम है," साळवे गंभीरपणे म्हणाले.

मी सूचना वाचणारी बाई. एका सकाळी त्यांचा मोबाइल घेतला, चष्मा लावला आणि सेटिंग ओळीने वाचत गेले. 'बॅटरी संरक्षण' अशी एक ओळ सापडली. बॅटरी जास्त टिकावी म्हणून चार्जिंग ऐंशीवर थांबवायची ही सोय अपडेटने आपणहून चालू केली होती. मी ती बंद केली. साळवे समोर बसून आकडे बघत राहिले. एक्याऐंशी, ब्याऐंशी... शंभर.

मला वाटलं, खूश होतील. त्यांनी मोबाइल काढला, शर्टाला पुसला.

"म्हणजे फॉल्ट नव्हताच."

"नव्हता."

"मग काम संपलं." रिकामा कप त्यांनी स्वतः नेऊन मोरीत ठेवला. हे त्यांनी यापूर्वी कधी केलं नव्हतं.

नियम तो नियम. आधी भोईरांकडची पाटी काढली, मग भाभींकडची. शेवटी माझ्या ओट्यापाशी आले. सबंध आयुष्य वायरी सोलण्यात गेलेल्या माणसाला त्या दिवशी दोऱ्याची साधी गाठ सुटेना.

"साळवे," मी म्हटलं, "तेवढी राहू द्या. मिक्सर लावला की हा प्लग जरा गरम होतो."

त्यांनी टेस्टर काढला. दिवा लागला. मग प्लगवर तळवा ठेवला. "आत्ता तर गार आहे."

"आत्ता मिक्सर कुठे लावलाय?"

त्यांनी टेस्टर पुन्हा खिशाला अडकवला. "असले फॉल्ट एका दिवसात सापडत नाहीत, ताई. रोज बघावं लागेल." आणि त्यांनी गाठ पुन्हा घट्ट केली.

तेव्हा डिसेंबरात याल, तेव्हा चटणी हॉलमध्येच वाटू. प्लग अगदी ठणठणीत आहे. पण त्याला हात लावू नका; पाटी काढायचा अधिकार साळव्यांचा आहे.