ओटो क्रुम्बहोल्त्स यांची कार्यमुक्ती

हृषिकेश केक आणायला बाहेर पडला तेव्हा जेवणाच्या टेबलावर १८९२ सालचा एक करार ठेवून गेला. बाविसाव्या मिनिटाला तो परत आला. करार होता तिथेच होता, फक्त करारातला माणूस सुटला होता.

करार बेसबॉलचा होता. ओटो क्रुम्बहोल्त्स नावाचा एक गोलंदाज हृषिकेश राहायचा त्या जर्मनीतल्या गेर्लिंगेनच्याच आसपासच्या खेड्यातून अमेरिकेला गेला आणि ओहायोतल्या एका क्लबकडून खेळला. कराराच्या खाली त्याची थरथरती सही होती. त्या काळातले असे सहीचे करार जगात फार थोडे उरलेत, आणि ते जमवणारी माणसं त्याहूनही थोडी. स्टुटगार्टमध्ये अशा सहाजणांचं एक फेराइन, म्हणजे मंडळ होतं. त्यातले एक गृहस्थ मार्चमध्ये वारले आणि एक खुर्ची रिकामी झाली.

हृषिकेशला ती खुर्ची हवी होती. सात वर्षं तो इथे इंजिनिअर होता. ऑफिसात त्याला सगळे ओळखत, पण शुक्रवारी चारनंतर कोणी ओळखत नसे. आज तीन वाजता मंडळाचे अध्यक्ष हेर नेगेले, म्हणजे नेगेलेसाहेब, करार पाहायला येणार होते. करार पसंत पडला तर खुर्ची त्याची.

"अप्पा, हे काय?"

"शेरा," अप्पा म्हणाले.

"मूळ कागदावर?"

"मग शेरा काय पेपरच्या रद्दीवर मारतात?"

अप्पा म्हणजे हृषिकेशचे वडील, नागेशराव. जिल्हा परिषदेच्या आस्थापना शाखेत चौतीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जुनं वळणदार अक्षर त्यांना लागतं, म्हणून हृषिकेशच त्यांना म्हणाला होता, "जरा वाचून ठेवा." अप्पांनी वाचलं. आणि वाचलेला कागद शेरा न मारता खाली ठेवणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. समासात सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'श्री. ओटो क्रुम्बहोल्त्स यांना आज रोजी मध्यान्होत्तर कार्यमुक्त करण्यात येत आहे.' खाली सही, तारीख.

"अहो अप्पा, तो माणूस मेलाय!"

"तशी नोंद नाही फाइलला. सहावं कलम वाच. क्लबला वाटलं तर दहा दिवसांत हाकलणार. याला वाटलं तर? सोय नाही. हंगाम संपला की करार आपोआप पुढे, पुन्हा पुढे. अरे, त्याला कोणी सोडलेलंच नाही!"

हृषिकेशची बायको ऊर्मिला खोडरबर घेऊन धावली. दहा वर्षांची अन्वी आपल्या दप्तरातून शाई पुसायचं पेन घेऊन आली. इथल्या शाळेत प्रत्येक मुलाकडे ते असतं आणि अक्षर जादूसारखं नाहीसं करतं. तिने समासाकडे पाहिलं आणि टोपण परत लावलं.

"गेट नुअर बाय ब्लाऊ, पापा."

फक्त निळीच शाई जाते. अप्पांनी नोकरीभर निळ्या शाईतच लिहिलं होतं, कारण हिरवी शाई साहेबांची. निवृत्त झाल्यावर पहिल्या आठवड्यात त्यांनी हिरव्या शाईची बाटली विकत घेतली होती. ती वापरण्याजोगं काम आज प्रथमच समोर आलं होतं.

"आपल्या पायरीने राहिला असतात तर पुसलं तरी गेलं असतं," ऊर्मिला पुटपुटली.

तेवढ्यात बेल वाजली. घड्याळात तीन वाजले होते; घड्याळ चूक असतं तर बेलवरून लावता आलं असतं.

हेर नेगेलेंनी भिंग काढलं, सही पाहिली, मान डोलावली. हृषिकेशने समासावर केकची बशी सरकवली होती. नेगेलेंनी ती दोन बोटांनी उचलून त्याच्या हातात दिली. मग समासातल्या हिरव्या ओळीवर भिंग धरलं. त्यांनी विचारलं तेव्हा हृषिकेशने शेऱ्याचं भाषांतर केलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

"आल्झो, तर मग," नेगेले म्हणाले, "यांना हा अधिकार होता?"

"साहेबांना सांग," अप्पा म्हणाले, "अधिकार कोणालाच नव्हता. म्हणून तर फाइल एवढी वर्षं पडून राहिली." मग ते थोडं थांबले. "माझ्याकडे एक मास्तर यायचा. आई आजारी, गावाकडे बदली मंजूर. पण त्याच्या जागी माणूस आला नव्हता, म्हणून कार्यमुक्तीचा कागद माझ्या टेबलावर अकरा महिने. दर सोमवारी यायचा बिचारा. मग एका सोमवारी आला नाही. आईच राहिली नव्हती, घाई कसली."

ही गोष्ट हृषिकेशने कधी ऐकली नव्हती. जर्मनमध्ये सांगताना तो दोनदा अडखळला.

"नियमाप्रमाणे हा कागद खराब झाला," एवढंच बोलून नेगेले उठले. केक तसाच राहिला. पुढचा आठवडाभर बापलेक एकमेकांशी फक्त मीठ आणि रिमोट याविषयी बोलले.

पुढच्या रविवारी तीन वाजता पुन्हा बेल. नेगेलेंच्या हातात चार जाड फायली होत्या.

"एकसष्ट करार आहेत. मंडळाची सभा झाली. मतदान झालं." त्यांनी पहिली फाइल अप्पांसमोर ठेवली. "शेरा वेगळ्या कागदावर लिहिला तर चालेल का, विचारा."

"जोडपत्र चालेल," अप्पा म्हणाले. "पण यातल्या किती जणांना जायचं होतं?"

नेगेलेंना एकसष्टही जणांच्या धावा तोंडपाठ होत्या. हे मात्र त्यांना ठाऊक नव्हतं. तीस वर्षांत मंडळात कोणी विचारलं नव्हतं.

"शोधावं लागेल," ते हळूच म्हणाले. "त्यासाठीच मंडळाने रिकामी जागा तुमच्या वडिलांना दिली आहे. चार विरुद्ध एक."

"आणि मी?"

"तुम्ही दुभाषी. मताचा अधिकार नाही."

अप्पांनी चष्म्यावरून पाहिलं. "काय म्हणतायत?"

हृषिकेशने सांगितलं. सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही.

"मग उभा का?" अप्पा शेजारची खुर्ची ओढत म्हणाले. "बस. पहिल्याचं नाव वाच."