आबांसाठी स्थळ पाहणे

माणूस किती विसरतो यावर त्याचा आजार ठरत नाही, तो कुठे बसून विसरतो यावर ठरतो. कचेरीत बसून विसरला तर त्याला अनुभव म्हणतात, देवळात बसून विसरला तर भक्ती, आणि मांडवात उभा राहून हजार लोकांसमोर विसरला तर त्याला दुसऱ्यांदा निवडून देतात. घरी बाजेवर बसून विसरणाऱ्याची मात्र जगाने कुठेच सोय केलेली नाही.

सावरगव्हाणचे पांडुरंगराव पटवारी घरी बाजेवर बसून विसरले, एवढीच त्यांची चूक.

चाळीस वर्षे त्यांनी पटवारीगिरी केली. चौऱ्याऐंशी साली सरकारने पटवाऱ्यांची जातच मोडून काढली. हे गावाला कळले, पांडुरंगरावांनाही कळले. पण पुढे ते विसरले. सत्त्याऐंशीच्या दसऱ्याला हिशेब असा होता: गावातल्या तीनशे बारा सर्व्हे नंबरांच्या चतुःसीमा, म्हणजे कोणत्या शेताच्या उगवतीला कोण आणि मावळतीला कोण, सगळ्या तोंडपाठ, पोटच्या चार लेकरांपैकी तोंडपाठ, शून्य. थोरला उद्धवराव समोर आला की विचारायचे, "तुझा नंबर काय रे?" पहिले वर्षभर उद्धवराव "आबा, मी तुमचा पोरगा" असे सांगत राहिला. मग शहाणा झाला आणि "सत्तावन्न" म्हणू लागला. "हां, नाल्याकडचा. बस," असे म्हणून आबा त्याला जागा करून देत.

रोज उजाडले की आबा पाहणीला निघत. एका महिन्यात ते एकोणीस वेळा हरवले आणि एकोणीस वेळा सापडले. शोधून आणणारी व्यक्ती: भागाबाई, म्हणजे उद्धवरावांची बायको, एकोणीस वेळा. (उद्धवराव शोधायला गेलेच नव्हते असे कोणी म्हणू नये. ते दर खेपेला विरुद्ध दिशेला गेले होते.)

तालुक्याच्या डॉक्टरने आबांच्या डोळ्यात बॅटरी मारून पाहिली आणि सांगितले, "याला औषध नाही. माणूस लागतो." उद्धवराव परतीच्या बसमध्ये यावर नीट विचार करत बसले. माणूस लागतो, म्हणजे दुसरा माणूस लागतो, हे उघड होते. तो दुसरा माणूस कोण, एवढेच ठरायचे होते. घाई होती, कारण कापूस फुटला होता, आणि वेचणीला भागाबाई लागणार होती. तिची कंबर चार वर्षांपासून धरली होती, पण कापूस वेचायला कंबर वाकलेलीच बरी पडते, असे उद्धवरावांचे निरीक्षण होते.

आता उद्धवराव हा काही बापाला उचलून कुणाच्याही दारात टाकणारा माणूस नव्हे. आपल्यात पोरगी द्यायची तर चार स्थळे पाहतात. पोरगी तर वीस वर्षांचीच असते. बाप अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, मग त्याच्यासाठी निदान तीन तरी पाहायला नकोत? तीन होतीही. मधला सुधाकरराव उटनूरला कारकून, धाकटा चंपतराव बेल्लमपल्लीला खाणीवर, आणि बहीण प्रयागबाई निर्मलला दिलेली.

पंच म्हणून त्यांनी माणिकराव गुरुजींना सोबत घेतले. गुरुजी बौद्धवाड्यातले, अक्षर मोत्यासारखे, स्वभाव कोरडा. (गुरुजींना ओट्यावर बसा म्हणायला गावाला तीस वर्षे लागली, पण पंच म्हणून सही पाहिजे झाली की गाव आधी त्यांच्याच दारात जाते.) गुरुजींनी मोठ्या कागदावर नमुना आखला: खोली, पाणी, दार, शेजार, माणसे, शेरा.

"आबाले न्यायचं काय?" गुरुजींनी विचारले.

"बैल इकाले बजारात जाचं तं बैल संगं लागतेच ना, गुरुजी," उद्धवराव म्हणाले.

आबा बसमध्ये चढायला तयार होईनात. मग भागाबाईने त्यांच्या अंगात जुना कोट चढवला, काखेत दप्तर दिले आणि हळूच सांगितले, "मामाजी, दौरा हाय." आबा ताठ झाले. खिडकीकडची जागा कुणाची आहे हे विचारून, त्या माणसाला उठवून, तिच्यावर बसले.

पहिला मुक्काम उटनूर.

मुलगी दाखवायची असली की घरचे लोक खोट झाकतात. इथे रीत उलटी होती, आणि सुधाकररावांनी ती मन लावून पाळली होती. बायकोच्या कपाळाला ओले फडके बांधले होते. छपराचे दोन कवेलू आदल्या दिवशी काढून त्याखाली घमेले ठेवले होते, जणू दिवाळीच्या तोंडावर धो धो गळत होते. दारात एक काळा कुत्रा बांधला होता.

"लय चावरा हाय, दादा," सुधाकरराव म्हणाले. "आतापरेंत चौघाईले चावला. आबाले काही झालं तं मी तोंड कोठी दाखवू?"

"चावते तं ठेवला काऊन?"

"माया वाढते ना पण."

एवढ्यात आबांनी गुरुजींच्या हातातून नमुना काढून घेतला. "तुमची मांडणी बरोबर नाही, मास्तर," म्हणाले, कोटाच्या खिशातून टाक काढला आणि लिहायला बसले. चाळीस वर्षांच्या सवयीने ओळी सरळ उतरल्या. लिहून झाल्यावर मोठ्याने वाचून दाखवले: "समक्ष पाहणी करता घमेले कोरडे आढळले. कुत्रा हजर. चावतो असे सांगण्यात आले. कुत्रा लिहिणाराचे पायाशी झोपला आहे. शेजारचे घरातून एक इसम कुत्र्यास नावाने हाका मारीत आहे, कुत्रा तिकडे जाण्याची इच्छा दाखवतो. घरमालकाने सही करावी."

सुधाकररावांनी मुकाट सही केली. पटवारी बोट ठेवेल तिथे सही करायची, हे या भागात आईच्या दुधाबरोबर येते. सरकारने पटवारी बंद केले, ते बोट बंद केले नव्हते.

"पोरगा कोणाचा तुम्ही?" आबांनी दप्तर आवळताना विचारले. "बापाचे नाव काय?"

"पांडुरंगराव," सुधाकरराव खाली पाहून म्हणाले.

"चांगला माणूस असेल," आबा म्हणाले.

यावर शेरा नाही.

बेल्लमपल्लीला चंपतरावाने दुसरी तजवीज केली होती. क्वार्टर दोन खोल्यांचे. त्यात चौदा माणसे बसवलेली. सासू, सासूची बहीण, त्या बहिणीचा दमेकरी नवरा, आणि नात्याच्या कुठल्याच फांदीवर नीट न बसणारी आणखी बरीच.

"आता सांगा दादा, आबाले कोठी निजवू? टांगू काय खुंटीले?" चंपतराव म्हणाला. "अन् माई पाळी कधी दिवसाची, कधी रातची. भाईर रूळ. आबा रुळावर जाऊन मोजमाप कराले बसले म्हंजे?"

रुळाचे खरे होते. गुरुजींनीही मान डोलावली. पण आबांनी जनगणना सुरू केली: नाव, बापाचे नाव, राहणार. लोक सरकारी आवाजाला घाबरून खरे बोलू लागले. राहणार या रकान्यात शेजारच्या सात क्वार्टरांचे नंबर पडले. जेवणाची वेळ झाली तेव्हा चौदापैकी दहा माणसे आपापल्या घरी जेवायला गेली. सासू मात्र जेवायला थांबली, कारण ती खरीच होती. आबांनी लिहिले: "कुटुंब मोठे, परंतु भुकेच्या वेळी लहान होते."

तिसरे स्थळ निर्मल, आणि तिथे पाहणी-मंडळाची पंचाईत झाली. प्रयागबाईच्या घरात काहीच खोट दाखवलेली नव्हती. ओसरीवरची खोली शेणाने सारवलेली, बाज विणून घट्ट केलेली, दाराच्या कडीला बैलाच्या गळ्यातली घंटी बांधलेली.

"हे काय?" उद्धवरावांनी विचारले.

"आबा भाईर निंगाले का मले ऐकू येईन," प्रयागबाई म्हणाली. "यायलेबी इचारलं. हो म्हंतात."

तिचा नवरा दारात उभा होता. त्याने मान हलवली. या नवऱ्याबद्दल जास्त काही सांगण्यासारखे नाही. बरे माणूस होते.

उद्धवरावांनी खोली पुन्हा एकदा फिरून पाहिली. ज्या स्थळात खोट दिसत नाही तिथे मोठीच खोट असते, हे त्यांना ठाऊक होते, आणि जरा शोधल्यावर ती सापडलीही: ती लेक होती. लेकीच्या घरी बाप पाणीसुद्धा पीत नाही, राहणे तर लांबच. तीन मुलगे हयात असता बाप जावयाच्या ओसरीवर! "लोक काय म्हंतीन, प्रयागे?"

"मंग लोकाईले तुमी घेऊन जा," प्रयागबाई म्हणाली. "मी आबाले ठेवून घेतो."

हे चालू असताना आबांनी माठातले दोन तांबे पाणी गटगटा पिऊन टाकले आणि "पाणी गोड आहे" असा शेराही लिहिला. उद्धवरावांनी तांब्या हिसकावला, तो रिकामा होता. चाळीस पिढ्यांत असे झाले नव्हते. त्यांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी चष्मा पुसला आणि निकाल दिला, "उद्धवराव, बापानं पाणी पेलं असतं तं दोष होता. पण हे तं दौऱ्यावरचे अंमलदार आहेत. अंमलदारानं कोणाच्याबी घरचं पाणी प्यावं."

"बरं झालं," प्रयागबाई तत्काळ म्हणाली. "मंग अंमलदार म्हनूनच राहू द्या इथी. मी काही कोणाले लेक हावो म्हनून सांगत नाई."

गुरुजी हसले. उद्धवराव हसले नाहीत. त्यांनी सांगितले की अंमलदाराचा मुक्काम एका गावी एक रात्र, जास्त नाही, असा कायदा आहे. (असा कायदा नाही.) सकाळी निघताना प्रयागबाईने कडीची घंटी सोडून उद्धवरावांच्या हातात दिली. "वैनीले द्या," म्हणाली, आणि आत गेली. अशा रीतीने अर्ज केलेल्या एकमेव उमेदवाराचा अर्ज नियमाप्रमाणे फेटाळण्यात आला.

राहिले सावरगव्हाण. न्याय म्हणून उद्धवरावांच्या घराचाही मुआयना, म्हणजे पाहणी, होणे प्राप्त होते, आणि उद्धवराव तयार होते. विहिरीला कठडा नाही, शेत लांब, बायकोची कंबर गेलेली. तिन्ही मुद्दे त्यांनी बसमध्येच गुरुजींना लिहून दिले होते. मनात ठरले होते की भावांना आळीपाळीने चार चार महिने वाटून द्यायचे, आणि आपली पाळी पावसाळ्यानंतर कधीतरी.

संध्याकाळी मंडळ दारात उभे राहिले. भागाबाई अंगणात कापसाचे गाठोडे बांधत होती. उद्धवरावांनी तिला डोळ्यांनी खूण केली. होत नाही म्हण, एवढीच ती खूण होती, आणि ती तिला निघतानाच तीनदा सांगून झाली होती.

आबा पुढे झाले. घर त्यांनी ओळखले नाही. "बाई, तुम्ही कोण?"

भागाबाईने पदर सारखा केला. "मी इथलीच."

"घरात कोणी म्हातारं माणूस आहे?"

उद्धवराव खाकरले. भागाबाईने त्यांच्याकडे पाहिले, मग गुरुजींकडे, मग आबांच्या कोटाकडे. कोटाची एक गुंडी बसमध्ये तुटली होती.

"हाय," ती म्हणाली. "पण दौऱ्यावर गेले हायत."

"कधी येणार?"

"येतीनच. त्याईची भाकर झाकून ठेवली हाय."

आबांनी विचार केला. दप्तर ओट्यावर ठेवले. "त्यांचा जबाब घेतल्याशिवाय मुआयना पुरा होत नाही," म्हणाले. "मला थांबावे लागेल."

"थांबा ना," भागाबाई म्हणाली. "तवरीक तुमीच खाऊन घ्या ते भाकर. त्याईच्यासाठी मी दुसरी टाकतो."

उद्धवरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडले. गुरुजींनी नमुन्याचा कागद त्यांच्यापुढे धरला आणि आबांनी आधीच ठेवलेल्या बोटाजवळ सही करायला सांगितले. उद्धवरावांनी केली.

आबा थांबले. रोज सकाळी विचारायचे, "आले का ते?" आणि भागाबाई म्हणायची, "येतच असतीन. च्या घ्या." मालक नसताना घर सोडून जाणे बरे दिसत नाही म्हणून ते पाहणीलाही फार लांब जाईनात, गेले तर घंटी वाजायची. भागाबाई कापूस वेचायला कमी गेली, त्यामुळे कापूस उद्धवरावांना वेचावा लागला, आणि वाकलेल्या कमरेबद्दलचे त्यांचे निरीक्षण त्या हंगामात बदलले. चार वर्षे आबांनी त्या म्हाताऱ्याची वाट पाहिली. एक्क्याण्णव सालच्या पौषात, तो यायच्या आधीच, ते गेले.

उद्धवरावांचे नाव मात्र झाले. घरात असे माणूस असले की आसपासच्या दहा गावांचे लोक अजून त्यांच्याकडे सल्ल्याला येतात. ते सगळ्यांना सांगतात, घाई करू नका, चार ठिकाणे पाहा, एक पंच न्या, नमुना भरा. आमाले जमलं तं तुमालेबी जमन. नमुन्याची नक्कलही देतात. त्यात भागाबाईचे नाव कुठे नाही, कारण सांभाळणार कोण, असा रकानाच आखलेला नव्हता.

ही हकिकत वाचून तुम्हाला सुधाकररावांचा राग आला असेल, चंपतरावाचे हसू आले असेल. रास्त आहे. फक्त मधेच कुठेतरी, बहुधा निर्मल यायच्या आधी, तुम्ही मनातल्या मनात आपल्या घरातल्या खोल्याही मोजल्यात. एक कमी भरली, आणि तुम्हाला बरे वाटले.